हर्षिलचे दोन सुगंध

उत्तरकाशी सोडून गंगोत्रीकडे निघालेला रस्ता गंगनानीच्या उष्ण कुंडांपुढे चांगलाच चिंचोळा होतो. एका बाजूस उभा कडा आणि दुसऱ्या बाजूस खोल घळीतून गर्जत जाणारी भागीरथी, अशा अवस्थेत तासभर प्रवास होतो. सुक्खीची चढण ओलांडली की मात्र दृश्य पालटते. दरी ऐसपैस होते, नदीचे पात्र पसरते, पांढऱ्या गोट्यांमधून तिचे अनेक प्रवाह संथपणे वाहू लागतात आणि दोन्ही तीरांवर देवदारांच्या रांगा उभ्या राहतात. समुद्रसपाटीपासून सुमारे 2,600 मीटर उंचीवरचे हे हर्षिल. येथून गंगोत्री अवघी 25 किलोमीटर आहे.

गंगोत्रीच्या घाईत असलेले बहुतेक यात्रेकरू येथे चहापुरते थांबतात आणि पुढे जातात. आम्ही शरद ऋतूत दोन दिवस मुक्काम केला. दुपार ढळताच सूर्य कड्याआड जातो आणि थंडी अंगावर येते. चौविहार करणाऱ्या कुटुंबाला येथे घड्याळ पाहण्याची गरज पडत नाही. ताज्या राजम्याची आमटी आणि बागेतून नुकतीच उतरवलेली सफरचंदे हे या गावचे प्रसिद्ध अन्न. नदीपलीकडे मुखबा गाव आहे. हिवाळ्यात गंगोत्रीचे मंदिर बंद झाले की गंगामातेची उत्सवमूर्ती तेथे मुक्कामास येते. अलीकडे बगोरी आहे. 1962 च्या युद्धानंतर सीमेवरच्या नेलंग खोऱ्यातून उठवलेली जाड समाजाची कुटुंबे तेथे वसली आहेत. या दोन्ही गावांतील जुनी लाकडी घरे देवदाराची आहेत.

या खोऱ्याची ओळख सांगणाऱ्या दोन खुणा फार पूर्वी कालिदासाने नोंदवून ठेवल्या आहेत. ‘कुमारसंभवा’च्या पहिल्या सर्गात शिव तपश्चर्येसाठी हिमालयाचे जे पठार निवडतो, तेथे गंगेच्या प्रवाहाने देवदार भिजतात आणि मृगांच्या कस्तुरीचा गंध दरवळतो. ‘मेघदूता’तही गंगेचा उगमपर्वत सांगताना तेथील शिळा मृगांच्या कस्तुरीने सुगंधित झाल्याचा उल्लेख येतो. एक वृक्ष आणि एक प्राणी, दोघेही सुगंधी आणि दोघेही याच उंचीचे रहिवासी. या जोडीचे पुढे काय झाले, हे समजून घेण्यास हर्षिलसारखे दुसरे ठिकाण नाही.

स्थिर उभा राहणारा

देवदार म्हणजे देवांचे दारू, देवांचे काष्ठ. अफगाणिस्तानापासून पश्चिम नेपाळपर्यंत, साधारण 1,500 ते 3,200 मीटर उंचीच्या पट्ट्यात हा वृक्ष वाढतो. 40 ते 50 मीटर उंची त्याला सहज गाठता येते. आडव्या पसरलेल्या फांद्यांची टोके किंचित झुकलेली असतात आणि त्यांवर सुईसारखी पाने झुबक्यांनी येतात. बर्फाचा भार पडला की फांद्या वाकतात, बर्फ घसरून जातो आणि फांदी पुन्हा जागेवर येते.

शरद हा त्याच्या परागांचा काळ. बगोरीच्या वाटेवर एखादी फांदी हलली की पिवळसर धूळ हवेत तरंगते. त्या परागांतून धरलेला शंकू पिकण्यास सुमारे एक वर्ष लागते. पिकल्यावर तो चिडाच्या शंकूसारखा अखंड खाली पडत नाही. झाडावरच त्याचे खवले सुटे होतात आणि पंख लाभलेले बी वाऱ्यावर निघून जाते. सगळा व्यवहार असा सावकाशीचा आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेच्या संग्रहालयात देवदाराच्या खोडाचा एक भव्य आडवा छेद ठेवला आहे. त्यावर 700 हून अधिक वार्षिक वलये आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी तोडलेला हा वृक्ष जेव्हा रुजला, तेव्हा आपल्याकडे देवगिरीवर यादवांचे राज्य होते.

देवदाराचा सुगंध त्याच्या गाभ्याच्या लाकडात असतो. त्यातील तेल बुरशीला आणि किड्यांना दूर ठेवते. ज्या वृक्षाला एकाच जागी शतकानुशतके उभे राहायचे आहे, ज्याला शत्रूपासून पळून जाता येत नाही, त्याने आपल्या अंतरंगात हे कवच तयार केले आहे. तोडल्यानंतरही हा गुण लाकडात टिकतो. म्हणूनच हिमालयातील मंदिरांचे खांब, घरांच्या तुळया आणि धान्याची कोठारे देवदाराची असतात.

सतत सावध असणारा

दुसरा रहिवासी आम्हाला दिसला नाही आणि तो दिसावा अशी अपेक्षाही वाटाड्याने ठेवू दिली नाही. गढवालात त्याला ‘कस्तूरा’ म्हणतात. कस्तुरी मृग हे नाव रूढ असले तरी शास्त्रज्ञ त्याला हरणांच्या कुळात धरत नाहीत. त्याचे कुळ निराळे आहे. त्याला शिंगे नसतात. नराच्या वरच्या जबड्यातून दोन लांब सुळे खाली आलेले असतात. उंची जेमतेम 50 ते 60 सेंटिमीटर, वजन 10 ते 15 किलो. मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब असल्याने तो उभ्या चढावर उसळी मारत जातो. तो एकटा राहतो, पहाटे व संध्याकाळी चरतो आणि दिवसा झुडपांच्या आडोशाला दडून बसतो. सुमारे 2,500 मीटरपासून वर, देवदार संपून फर, भूर्ज आणि बुरांशाची दाटी सुरू होते तेथपर्यंत आणि त्याही वर त्याचा वावर असतो. देवदाराच्या पट्ट्याचा वरचा भाग आणि कस्तुऱ्याच्या प्रदेशाचा खालचा भाग एकमेकांत मिसळतो आणि हर्षिल नेमके त्या सांध्यावर वसले आहे.

हिवाळ्यात गवत बर्फाखाली गेले की झाडांच्या फांद्यांवर दाढीसारखे लोंबणारे शैवाक त्याच्या उपयोगी पडते. आपल्या मसाल्याच्या दुकानांतील दगडफूल हेही शैवाकच. वाऱ्याने किंवा बर्फाने फांदी मोडून खाली आली की त्याला आयते अन्न मिळते. कधी तो कललेल्या खोडावर चढूनही ते खातो. उंच वृक्षांच्या आश्रयाने या लहान जीवाचे कठीण महिने असे सरतात.

कस्तुरी फक्त नराजवळ असते. पोटाखाली, नाभी आणि जननेंद्रिय यांच्या मध्ये असलेल्या ग्रंथीत ती साठते. आपल्या जवळच सुगंध असून मृग तो शोधत रानोमाळ भटकतो, हा दृष्टांत आपण व्याख्यानांतून पुष्कळदा ऐकला आहे. आत्म्याचे ज्ञान समजावण्यास तो सुंदर आहे. मात्र प्रत्यक्षातील कस्तुरा असा अजाण नसतो. तो गंधाच्या भाषेतच जगतो. तो ठरलेल्या जागीच लेंड्या टाकतो, शेपटीजवळच्या ग्रंथीचा स्राव काटक्यांना लावून आपली हद्द आखतो आणि थंडीतील मीलनकाळात कस्तुरीच्या गंधाने मादीला आपला ठावठिकाणा कळवतो. एकट्याने राहणाऱ्या, दाट रानात दृष्टीस न पडणाऱ्या प्राण्यासाठी गंध हाच निरोप असतो.

कवच आणि निरोप

दोघांना शेजारी ठेवून पाहिले की साम्य आणि भेद दोन्ही स्पष्ट होतात. वृक्षाचा सुगंध स्वतःच्या रक्षणासाठी आहे, मृगाचा सुगंध आपल्या जातीच्या दुसऱ्या जीवाशी बोलण्यासाठी आहे. एकाचे आयुष्य शतकांनी मोजावे लागते, दुसऱ्याचे दहा-पंधरा वर्षांनी. एकाला हलता येत नाही, दुसऱ्याला क्षणभर निर्धास्त बसता येत नाही. जैन तत्त्वज्ञानाच्या भाषेत एक एकेंद्रिय, स्थावर, केवळ स्पर्श जाणणारा जीव आहे. दुसरा पाचही इंद्रिये लाभलेला त्रस जीव आहे. मात्र दोघांचाही सुगंध माणसासाठी निर्माण झालेला नव्हता आणि माणसाला तो हवासा वाटला हेच दोघांच्या विनाशाचे कारण ठरले.

गणित मांडले तर ते असे दिसते. एका प्रौढ नराच्या ग्रंथीत सुमारे 25 ग्रॅम कस्तुरी मिळते. म्हणजे एक किलो कस्तुरीमागे सुमारे 40 नर गेले. परंतु रानात लावलेला फास नर-मादी, लहान-मोठा असा भेद करत नाही. ज्यांच्याजवळ कस्तुरीचा कणही नाही अशा माद्या आणि पिल्लेही त्यात मरतात. त्यामुळे प्रत्यक्ष हत्येचा आकडा याच्या कितीतरी पट होतो. बाजारात तोळ्याचा भाव बोलला जातो. फासात व्यर्थ मेलेल्यांची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

एकाच पेढीवर दोन्ही माल

हर्षिलमध्ये या दोन्ही व्यापारांचा इतिहास एकाच माणसाच्या नावाशी येऊन मिळतो. फ्रेडरिक विल्सन हा इंग्रज एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या खोऱ्यात आला. तो सैन्यातून पळून आलेला होता असे सांगितले जाते. ‘पहाडी विल्सन’ या नावाने तो पुढे प्रसिद्ध झाला. मुखब्याच्या गुलाबी नावाच्या स्त्रीशी त्याने विवाह केला आणि तो येथलाच झाला. प्रारंभी त्याची उपजीविका शिकारीवर होती. कस्तुरी, जनावरांची कातडी आणि मोनाल पक्ष्याची झळाळती पिसे तो मैदानी बाजारात पाठवी.

नंतर त्याची नजर देवदारांकडे वळली. 1850 च्या सुमारास त्याने टिहरीच्या राजाकडून जंगलतोडीचा मक्ता मिळवला. काळ त्याला अनुकूल ठरला. 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली आणि थोड्याच वर्षांत देशभर लोहमार्ग पसरू लागले. रुळांखाली घालण्यास न कुजणारे, वाळवी न लागणारे लाकूड हवे होते. सागवान आणि साल यांच्या बरोबरीने देवदार या कामी उत्तम ठरला. विल्सनने ओंडके भागीरथीत सोडून हरिद्वारकडे वाहून नेण्याची व्यवस्था उभारली आणि तो अपार श्रीमंत झाला. त्याने स्वतःच्या नावाची नाणी पाडली, जाड गंगेच्या भयंकर घळीवर झुलता पूल बांधला आणि हर्षिलमध्ये देवदाराचा प्रशस्त बंगला उभारला. 1883 मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याचा बंगलाही पुढे आगीत नष्ट झाला.

येथे थांबून विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, देवदाराने स्वतःला टिकवण्यासाठी गाभ्यात जे तेल साठवले, नेमक्या त्याच गुणामुळे त्याच्यावर कुऱ्हाड पडली. कस्तुऱ्याने आपल्या जातीला निरोप देण्यासाठी जो गंध धारण केला, त्यानेच शिकाऱ्याला त्याच्या मागावर आणले. विल्सनला दुष्ट ठरवून मोकळे होणे सोपे आहे. तो धाडसी, कष्टाळू आणि हिशेबी व्यापारी होता. मागणी ओळखून माल पोहोचवणे हेच त्याने केले. त्याच्या मालाचे ग्राहक लंडनपासून आपल्या शहरांपर्यंत सर्वत्र होते. आगगाडीत आपले पूर्वजही बसले आणि जुन्या पूजाविधींत केशर-बरासाच्या जोडीने कस्तुरीचे नाव आपणही वाचत आलो आहोत.

व्यापाराला मर्यादा असावी हा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांची यादी उपासकदशांग सूत्रात आहे आणि हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात तिचे विवरण केले आहे. त्या यादीत जंगल तोडून उपजीविका करणे हे ‘वनकर्म’ म्हणून येते आणि हस्तिदंतादी प्राण्यांच्या अवयवांचा व्यापार हे ‘दंतवाणिज्य’ म्हणून येते. देवदाराचा ओंडका पहिल्यात बसतो, कस्तुरीची थैली दुसऱ्यात. एक जीव एकेंद्रिय आणि दुसरा पंचेंद्रिय, म्हणून हिंसेची तीव्रता वेगळी मानली गेली, हे खरे. तरीही यादी करणाऱ्यांनी वृक्षाला वगळले नाही. एका देवदाराच्या आश्रयाने पक्षी, कीटक, शैवाक, खालची माती आणि हिवाळ्यातील कस्तुरा असे किती जीव जगतात, हे हर्षिलच्या वनात उभे राहिल्यावर त्या दूरदृष्टीची खात्री पटते.

आजचा हिशेब

दोन्ही व्यापारांची आजची स्थिती सारखी नाही. कस्तुऱ्याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले, आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद झाला आणि तो उत्तराखंडचा राज्यप्राणी ठरला. 1972 मध्येच स्थापन झालेले सुमारे 975 चौरस किलोमीटरचे केदारनाथ अभयारण्य प्रामुख्याने त्याच्यासाठी आहे. हर्षिलच्या पलीकडे 1989 पासून गंगोत्री राष्ट्रीय उद्यान आहे. चोपत्याजवळ कांचुला खर्क येथे 1982 मध्ये त्याच्या पैदाशीचे केंद्र काढले गेले. पण एकांतप्रिय प्राण्याला बंदिवास मानवला नाही आणि तो प्रयोग टिकला नाही. फास अजूनही लागतात, तरी निदान अत्तराच्या कारखान्याला आता त्याच्या प्राणांची गरज उरलेली नाही. कस्तुरीतील मुख्य गंधद्रव्य ‘मस्कोन’ याची रचना लिओपोल्ड रुझिच्का या रसायनशास्त्रज्ञाने 1926 मध्ये उलगडली. त्यानंतर कृत्रिम कस्तुरीचे अनेक प्रकार बाजारात रुळले. वनस्पतींतही लताकस्तुरीच्या बियांना तसाच गंध असतो.

देवदाराचेही काही भले झाले. चिपको आंदोलनानंतर 1981 मध्ये या पहाडांत 1,000 मीटरच्या वर हिरवी झाडे तोडण्यास मनाई झाली. रेल्वेने लाकडी स्लीपर सोडून काँक्रीटचे घेतले. 2012 मध्ये गोमुख ते उत्तरकाशी हा भागीरथीचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. आता त्याला भय आहे ते रस्त्याचे. झाला ते भैरोंघाटी या टप्प्यात मार्ग रुंद करण्यासाठी हजारो झाडे हटवण्याचा प्रस्ताव आहे आणि स्थानिक लोकांनी व कार्यकर्त्यांनी देवदारांना रक्षासूत्रे बांधून त्याला विरोध केला आहे. दुसरी बाजूही दुर्लक्ष करण्याजोगी नाही. चीनची सीमा जवळ आहे आणि सैन्याला रस्ता हवा आहे; याच कारणास्तव सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये चारधाम मार्गाच्या सामरिक टप्प्यांत अधिक रुंदीस मान्यता दिली. परंतु 5 ऑगस्ट 2025 रोजी हर्षिलशेजारच्या धरालीत खीरगंगेच्या लोंढ्याने सारा बाजार चिखल-दगडांखाली गाडला, तेव्हा हे पहाड किती नाजूक आहेत हे सर्वांनी पाहिले. उतारावरची माती मुळांनी धरून ठेवणाऱ्या वृक्षांची किंमत लाकडाच्या घनफुटांत करता येत नाही.

तुलनेचे फलित मला येथे दिसले. कस्तुऱ्याला दहा-वीस वर्षे शांतता दिली तर त्याच्या नव्या पिढ्या येतात. 400 वर्षांचा देवदार तोडला तर त्याची भरपाई करण्यास आपल्या वीस पिढ्यांनी वाट पाहावी लागेल. रोपे लावून ही भरपाई झाली असे कागदावर लिहिता येते, वनात होत नाही. मृगाच्या डोळ्यांतील भीती आपल्याला चटकन समजते, कारण त्याची इंद्रिये आपल्यासारखीच आहेत. वृक्षाजवळ ओरडण्याचे साधन नाही, म्हणून त्याच्या बाजूने विचार करण्याचे काम अधिक जाणीवपूर्वक करावे लागते.

हर्षिल सोडण्यापूर्वी सफरचंदाच्या बागेतून फिरलो. ही सफरचंदेही विल्सननेच येथे आणली असे सांगतात आणि त्यांतील एक जात आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. त्याच्या कस्तुरीचा आणि ओंडक्यांचा व्यापार संपला. मागे राहिले ते उजाड झालेले उतार आणि विरळ झालेले प्राणी. सफरचंदांचा व्यापार मात्र अनेक पिढ्या या खोऱ्यातील घरे चालवत आला आहे, कारण त्यात झाड जिवंत राहिले तरच पुढच्या वर्षीचा माल मिळतो. कस्तुरीला पर्याय प्रयोगशाळेने शोधला, स्लीपरला पर्याय कारखान्याने शोधला आणि दोन्ही पर्याय घरोघर पोहोचवले ते व्यापाऱ्यांनीच. आपल्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक वस्तूसाठी कोणाचे प्राण गेले आणि त्याऐवजी काय ठेवता येईल, एवढा प्रश्न खरेदीच्या वेळी विचारला तरी कर्मादानांची ती जुनी यादी आपण नुसती पाठ न करता आचरणात आणली असे होईल.